केंद्रित ध्वनिलहरी, नॅनोकण आणि मेंदूचा अडसर

बेसा येथील आमच्या चिकित्सालयात स्मृतिभ्रंशाच्या एका वृद्ध रुग्णाचा मुलगा आला. मेंदूतज्ज्ञांच्या गोळ्या बंद करून केवळ सुवर्णभस्म सुरू करावे, असे त्याच्या मनात होते. "डॉक्टरसाहेब, भस्म म्हणजे नॅनोच ना? मग ते थेट मेंदूत जाईल," असे तो म्हणाला. हा समज आपल्यातील काही वैद्यांतही आढळतो, म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

पॉल एर्लिश यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले असता इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. याचे कारण १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, त्यांच्यामधून द्रव्यास वाट मिळत नाही. साधारणतः ४०० ते ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहसा अडतात. नॅनोकण तर रेणूहून कितीतरी मोठा. म्हणजे 'सूक्ष्म' असणे येथे पुरेसे नाही.

हा अडसर तात्पुरता उघडण्याची युक्ती हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांवर दाखविली. शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. त्यांचा आकार रक्तकणाएवढा किंवा त्याहून लहान असतो. हृदयाच्या सोनोग्राफीतही असे बुडबुडे वापरतात. मग एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरी मेंदूतील एका बिंदूवर केंद्रित करतात. मानवासाठीच्या शिरस्त्राणासारख्या यंत्रात १,०२४ ध्वनिस्रोत असतात; एकेकट्याची लहर दुर्बळ, परंतु सर्व जेथे मिळतात तेथे प्रभाव होतो. त्या जागी बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात, केशवाहिनीची भिंत ताणली जाते आणि जोड काही तास सैल होतात. गॅडोलिनियम टोचल्यास उघडलेली जागा एमआरआयवर उजळ दिसते; लोहऑक्साइडचे नॅनोकण शिरल्यास तीच जागा काळी दिसते. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुमारे ६० नॅनोमीटरचे कण या मार्गाने मेंदूत पोचले, पण त्यांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे दाट आवरण होते. असे आवरण नसलेले कण मेंदूच्या ऊतीत चिकटून बसतात.

टोरांटो येथे अल्झायमरच्या ५ रुग्णांत अडसर सुरक्षितपणे उघडून २४ तासांत पुन्हा मिटल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तो अभ्यास सुरक्षिततेपुरता होता. स्मृती सुधारल्याचा दावा त्यात नाही. कंपावरील ध्वनिलहरींचा उपचार, ज्यास अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तो निराळा. तेथे उष्णतेने ठरावीक ऊती जाळतात.

आता भस्माकडे येऊ. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २००९ मध्ये जसदभस्मात नॅनोकण असल्याचे दाखविले. आपल्या रसशास्त्राच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु रेखापूर्ण, वारितर या कसोट्या भस्माची सूक्ष्मता सांगतात, मुक्काम सांगत नाहीत. मुखावाटे घेतलेल्या भस्मास आधी कोष्ठ ओलांडावे लागते. मेंदूचा अडसर त्यानंतरचा. 'नॅनो असल्याने मेंदूत पोचते' असे रुग्णास सांगण्यास आज आधार नाही.

औषध विक्रेत्यांनी तर विशेष जपावे. मेंदूच्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. दुकानातील फलकही त्यातून सुटत नाही.

त्या मुलास आम्ही आकृती काढून हे सर्व समजावले. गोळ्या चालूच ठेवण्याचे त्याने मान्य केले. वडिलांची झोप, मलप्रवृत्ती आणि आहार यांकडे आम्ही पाहू, असे ठरले. भस्म त्या दिवशी दिले नाही.