परत फिरायची वेळ आधी ठरव

अगं, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झाला, ए ग्रेड मिळाली आणि आता फेब्रुवारीत सोलंगच्या वर बर्फाच्या नाळेतून धारेवर चढायचं म्हणतेस, तर जा. मनापासून सांगते, जा. टेंभुर्णीत उसाच्या रानात वाढलेल्या पोरीला बर्फात काय काम, असं आप्पा म्हणतील. त्यांना साताऱ्याच्या प्रियांका मोहितेचं सांग. २०१३ ला एव्हरेस्ट, २०२१ ला अन्नपूर्णा आणि २०२२ ला कांचनजुंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारी ती पहिली भारतीय स्त्री.

मला बोलायचंय ते वेळेबद्दल. हिवाळ्यातली नाळ पहाटे अंधारातच चढायला घ्यायची. रात्रभर गोठल्यानं सुटे दगड जागच्या जागी धरलेले असतात. वरच्या कातळाला ऊन लागलं की ती पकड सुटते, आणि सुटलेलं सगळं नाळेतूनच खाली येतं. त्याला दुसरी वाटच नसते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं चढताना पाहिलंसच ना, वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या अंगावर कसा येतो ते? तोच नियम इथं. जोडीदाराचा दोर सांभाळत बिले देताना मधोमध उभी राहू नकोस, कडेच्या खडकाच्या आडोशाला थांब. हेल्मेट फोटोपुरतंसुद्धा काढायचं नाही.

आणि रात्री बर्फ पडला असेल, तर सकाळी कितीही लख्ख उघडलं तरी त्या दिवशी नाळ नाही. हिमस्खलन जास्त करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतं, आणि आपल्या आवडीचे उतार नेमके तेवढेच असतात.

बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर चढताना टाचा खाली ठेव. भीती वाटली की टाचा आपोआप उचलल्या जातात, मग पोटऱ्या थरथरतात आणि दात निसटतात. धारेवर पोचलीस की अगदी माथ्यावरून चालायचा मोह होईल. वाऱ्यानं साचलेली बर्फाची कड पलीकडे अधांतरी लोंबत असते, आणि वरून ती भक्कम जमिनीसारखीच दिसते. वारा येतो त्या बाजूनं, माथ्याच्या बरंच खालून चाल.

आता आपल्या दोघींतलं. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली मी फार पाहिल्यात. असं करू नकोस गं. पाणी कमी पडलं की दम लवकर जातो, थंडीनं बोटं बधिर होण्याचा धोकाही वाढतो. लीडरला सरळ सांग, थांबायचंय. पुष्कळ हार्नेसमध्ये मांड्यांचे पट्टे मागून सोडता येतात. कंबरेचा पट्टा बांधलेलाच ठेवायचा, दोरही सोडायचा नाही. हे तंबूजवळ दोनदा करून बघ. पाळी येणार असेल तर पॅड आतल्या खिशात ठेव आणि वापरलेले घट्ट पिशवीत घालून खाली आण. लाजायचं काहीच नाही त्यात.

आपल्या शेजारच्या अकलूजचा निहाल बागवान आठवतो? २०१९ च्या मे महिन्यात तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला, आणि उतरताना गेला. तयारीचा मुलगा होता. त्याचं नाव आलं की आजही माझ्या पोटात तुटतं. म्हणून म्हणते, उतरायला लागणारी ताकद चढतानाच बाजूला काढून ठेव. परत फिरायची वेळ आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरव. बारा ठरले तर बाराला वळायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. वर गेल्यावर ती वेळ ठरवू नकोस; विरळ हवेत दमलेलं डोकं आपल्याला हवं तेच सांगतं.

आईला उंचीचे आकडे सांगून घाबरवू नकोस. कितीला वळणार ते सांग, आणि अंधार पडेपर्यंत फोन लागणार नाही हेही आधीच सांगून ठेव.