आधी पट्ट्याचं सांग

मिरज, रविवार रात्र

चि. निनाद यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

आत्ताच वहिनीचा फोन येऊन गेला. तुझ्या खोलीवरच्या मुलाच्या आईनं तिला सांगितलं म्हणे, की तू रात्रीची मेस बंद केलीस. ढेकरांचा आवाज होतो म्हणून अभ्यासिकेतली पंख्याखालची जागा सोडून जिन्यापाशी बसतोस, आणि दिवसातून दोन-दोन, तीन-तीन वेळा सोड्याची पुडी पाण्यात टाकून पितोस. वहिनी हसण्यावारी नेत होती, ‘तुमच्या घराण्याचाच गॅस’ म्हणून. मला काही हसू आलं नाही. मला एवढंच सांग, पँट कमरेला सैल होतेय का? पट्टा कितव्या भोकावर लावतोस?

आण्णांचं, तुझ्या आजोबांचं, तू ऐकलं आहेस, पण घरात ‘शेवटी पोटाचं झालं’ एवढंच बोलतात. त्याआधी कितीतरी महिने ते जेवण झालं की ढेकरा देत ओसरीवर फेऱ्या मारायचे. कुणी ओवा-सैंधव द्यायचं, कुणी लिंबू-सोडा. एक दिवस बाजारातून ते पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून आले. खुंटीवरचा तो पट्टा मला अजून दिसतो. जुन्या भोकाभोवतीचं कातडं ताणून लांबट झालेलं, नवी दोन अगदी गोल, कोरी. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. दुर्बीण घालून तपासलं तोवर जठराचा कर्करोग पसरला होता.

तुला तसलं काही आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तुझ्या वयात वारंवार येणारी ढेकर म्हणजे बहुतेक वेळा गिळलेली हवाच असते. भरभर जेवताना, बोलत खाताना, बाटली तोंडाला लावून घटाघटा पिताना, च्युइंगम चघळताना, सिगारेट ओढताना (ओढत असशील तर मला खरं सांग, मी दादाला कळू देणार नाही) हवा पोटात जाते आणि आली तशी वर येते. जेवणानंतर चार ढेकरा आल्या तर त्यात आजार नाही.

पण एकामागून एक, माळ लागल्यासारख्या येतात त्या ढेकरांचं वेगळं असतं. त्यातली हवा बहुतेकदा जठरापर्यंत पोचलेलीच नसते. माणूस नकळत ती अन्ननलिकेत ओढतो आणि लगेच बाहेर टाकतो. छातीत दडपल्यासारखं वाटतं म्हणून एक ढेकर काढतो, क्षणभर बरं वाटतं, की दुसरी. चिंता असली की हे वाढतं. झोपेत थांबतं, गप्पांत मन रमलं तरी थांबतं. तुझा सोबती म्हणतो, रात्री तू शांत झोपतोस. ते ऐकून मला जरा धीर आला.

यावर औषधापेक्षा श्वास कामाला येतो. जेवण झालं की ताठ बस, एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकानं सावकाश श्वास घे. बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा स्थिर. मग ओठांची फट ठेवून त्याहून सावकाश सोड. ढेकर येणार असं वाटलं की तोंड किंचित उघडं ठेव आणि जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकव. उघड्या तोंडानं हवा गिळणं अवघड जातं. दहा मिनिटं कर, रोज कर. दोन दिवसांत सोडून देऊ नकोस.

आणि ती पुडी बंद. अरे, सोडा आणि आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ती मोठी ढेकर येते ती पुडीचीच, आणि तुला वाटतं आतलं सगळं निघालं! वर त्यात सोडियम किती, आणि आपल्या घरात रक्तदाब दादाला आहे, मलाही आहे. मेडिकलवाल्यानं दिलेली पित्ताची गोळीही मनानं रोज घेऊ नकोस. ती आम्ल कमी करते, हवा नाही. शिवाय आतलं एखादं दुखणं ती झाकून ठेवते. आण्णांच्या वेळी हेच झालं, सोड्यानं तात्पुरतं बरं वाटत राहिलं. म्हणून परत विचारते, वजन उतरलंय का?

पोट फुगतं आणि वारा सरतो त्याचं कारण निराळं. मटकी, छोले, राजमा यांतल्या काही शर्करा आपल्याला पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात, त्याचा वायू होतो. निरोगी माणसाचाही दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? मेसच्या काकूंना गोड बोलून सांग, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मोड येऊ द्या, बोटांत दाबलं की चुरेल इतकं शिजवा आणि फोडणीत हिंग-आलं असू द्या. दुधानं गडगडत असेल तर दूध सोडून ताक घेऊन बघ. जेवल्यावर शतपावली घाल. ओवा चिमूटभर चावून खा, मला त्यानं बरं वाटतं. पण ओवा खातोय म्हणून डॉक्टर टाळायचा नाही.

का ते सांगते. आम्ही शिकत होतो तेव्हा अल्सरचा दोष काळजीला आणि तिखटाला देत, आणि रुग्णाला ठरावीक तासांनी दूध पाजत. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये एका जंतूचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं, की जठराला सूज आणणारा तो जंतूच आहे. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्या जंतूनं जठराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. आज श्वासावरून किंवा शौचावरून तो तपासता येतो, औषधांनी जातोही. आण्णांना हे मिळालं नाही. तुला मिळू शकतं, आणि तू पुड्या पितोस याचा मला राग येतो.

वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा उलट्या थांबतच नसतील, तर एक दिवसही थांबू नकोस. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर गॅस म्हणून पडून राहायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. तुझ्या बाबांनाही हे वाचून दाखव.

फार रागावले का रे? तुझ्या वयात मीही ड्यूटी रूममध्ये उभ्यानं भात गिळायचे. आई एकदा सांगलीहून डबा घेऊन आली, थालीपीठ आणि लोणी. मी चार घास कोंबले आणि वॉर्डात पळाले. ती बाकावर बसून होती, ‘सावकाश गं’ एवढंच म्हणाली. आज वाटतं, अर्धा तास तिच्याजवळ बसून जेवायला हवं होतं. वॉर्ड कुठे पळून जाणार होता.

पूर्वपरीक्षा राहिली त्याचं दुःख तू कुणाशी बोलला नाहीस, हे मला कळतं. रात्रीचं जेवण त्यामुळेच सुटलं असेल तर ढेकरांपेक्षा मला त्याची जास्त काळजी आहे. जिन्यापाशी बसू नकोस. पंख्याखालच्या जागेवर तुझा सगळ्यांइतकाच हक्क आहे.

बुधवारी डॉक्टरांकडे जा, त्यांनी काय सांगितलं ते रात्री कळव. शनिवारी कोयना एक्स्प्रेसनं ये, मी स्टेशनवर येते. निकालाबद्दल मी काही विचारणार नाही आणि दादालाही विचारू देणार नाही. मऊ भात, तूप, मेतकूट आणि ताजं ताक करून ठेवते. हवं तेवढं झोप, हवं तेवढंच खा.

तुझी,
आत्या

ता. क. आईला फोन कर. हसत होती खरी, पण फोन ठेवताना तिचा आवाज भरून आला होता.