चिडाचे सरपण आणि चिडाचा काढा

कुमाऊँ-गढवालच्या डोंगरउतारांवर चीड वृक्षांची अरण्ये दूरवर पसरलेली आहेत. तेथे तळ ठोकणाऱ्या प्रवाशास सरपणाची वाण पडत नाही. झाडांखाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड थर साचलेला असतो. त्याला पहाडी लोक पिरूल म्हणतात. परंतु विपुल आहे एवढ्यानेच हे सरपण चुलीस योग्य ठरते काय?

चिडाच्या अंगी राळ असते. तिच्यापासूनच टर्पेंटाइन काढतात. राळेने माखलेली ढलपी दमट हवेतही चटकन पेट घेते. विस्तव पेटविण्यास तिच्यासारखे साधन नाही! पण तीच राळ पुढे त्रास देते. धूर कोंदतो, भांड्याच्या बुडाला चिकट काजळी धरते आणि त्या जाळावर कणीस भाजले तर त्याला टर्पेंटाइनचा वास लागतो. म्हणून जाणता माणूस चिडाच्या ढलपीने विस्तव पेटवितो व स्वयंपाक बांज नावाच्या ओकाच्या निखाऱ्यांवर करतो. चुलीभोवतालचा पिरूल मात्र आधी झाडून काढावा लागतो. उन्हाळ्यात एका ठिणगीने त्यात वणवा पेटतो.

चिडाच्या कुळातील अनेक वृक्षांची हिरवी पाने गरम पाण्यात मुरविली असता सुवासिक पेय होते. त्यात क जीवनसत्त्व असते. फार उकळल्यास ते नष्ट होते. सूचिपर्णी वृक्षाच्या अशाच एका काढ्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १५३५-३६ च्या हिवाळ्यात झाक कार्त्ये या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजे आजच्या क्वेबेक शहराजवळ बर्फात अडकून पडली. खलाशांना स्कर्व्ही जडला. हिरड्या कुजल्या, पाय सुजले; ११० जणांपैकी २५ दगावले. तेव्हा दोमागाया नावाच्या तेथील रहिवाशाने एका वृक्षाची साल व पाने उकळून पिण्यास सांगितले. थोड्याच दिवसांत आजारी माणसे हिंडूफिरू लागली. तो वृक्ष कोणता, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. दोमागायाला मात्र तो अचूक ठाऊक होता.

ही ओळख हिमालयातही हवीच. चिडाच्या रानाहून उंचावर थुनेर नावाचा वृक्ष वाढतो. त्याचीही पाने अरुंद व सदा हिरवी. परंतु ती विषारी असून त्यांचा काढा प्राणघातक ठरतो. चिडाच्या सुया वीतभर लांब असतात व तीन-तीनच्या झुबक्याने येतात. थुनेराची पाने बोटाच्या पेराएवढी, चपटी असतात आणि डहाळीच्या दोन्ही बाजूंस एकेकटी लागतात.