संगणकाची स्मृती आणि क्लॉकची थरथर



आपल्या कॉलेजात तासाची घंटा शिपाईमामा वाजवतात. ती कधी अर्धा मिनिट लवकर होते, कधी अर्धा मिनिट उशिरा. तरी शिकवणारे आणि शिकणारे दोघेही तीच घंटा ऐकतात, म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. पण समजा, विद्यार्थी घंटेवर वर्गात आले आणि प्राध्यापकांनी आपल्या मनगटी घड्याळावर शिकवायला सुरुवात केली, तर पहिली दोन वाक्ये हुकणारच. संगणकाच्या स्मृतीतून माहिती वाचताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तो समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहे.

वहीत आपण क्लॉकचे स्पंद पट्टीने आखतो. सगळे सारखे, सगळे वेळेवर. प्रत्यक्षात स्पंदाची कड ठरलेल्या क्षणाच्या किंचित अलीकडे किंवा पलीकडे पडते, आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडते. या चंचलपणाला 'जिटर' म्हणतात; मी त्याला थरथर म्हणेन. ती पिकोसेकंदात मोजतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग.

एवढ्याशा वेळेने काय होणार, असे कुणी विचारील. हिशेब करून पाहू. ३२०० गतीच्या डीडीआर-४ स्मृतीचा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे एक आवर्तन ६२५ पिकोसेकंदांचे. माहिती दोन्ही कडांवर येते, म्हणून एका बिटाच्या वाट्याला फक्त ३१२.५ पिकोसेकंद. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून संकेत जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. शिवाय बिट उचलण्यापूर्वी आणि उचलल्यानंतर तो काही काळ स्थिर राहावा लागतो. थरथरीसाठी उरते ते फार थोडे.

ही थरथर दोन प्रकारची असते. पहिली यादृच्छिक. इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालीतून ती येते आणि तिला निश्चित सीमा नसते. एक लक्ष कोटी बिटांत एखादीच चूक चालेल असे ठरवले, तर प्रमाण विचलनाच्या सुमारे १४ पट जागा सोडावी लागते. विचलन अवघे ३ पिकोसेकंद असले तरी ४२ पिकोसेकंद गेले! दुसरी थरथर सकारण असते. वीजपुरवठ्यातील चढउतार, शेजारच्या रेघेची लुडबूड, स्पंदाचे दोन अर्ध सारखे नसणे, ही तिची कारणे. तिला सीमा असते, आणि कारण सापडले तर ती कमी करता येते. म्हणून शोध आधी हिचा घ्यावा. हा धडा मी स्वतः उशिरा शिकलो. ती हकिकत सांगतो.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी स्वतः बोर्ड तयार केला. त्यावर एक एफपीजीए आणि १३३ मेगाहर्ट्झची एसडीरॅम होती. वाचनात मधूनच एखादा बिट चुकत असे. गती १०० मेगाहर्ट्झवर आणली की सारे ठीक. मी चिप सदोष ठरवली. त्याने स्वतःच्या पैशांनी ती दोनदा बदलली. चूक तशीच राहिली. तोंडी परीक्षेला चार दिवस होते. "अहवालात 'स्मृती सदोष' असे लिहून मोकळा हो," असे मी त्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, डिस्प्ले बंद ठेवला की एकही चूक होत नाही."

तेव्हा कुठे मी ऑसिलोस्कोप पुढे ओढला. ज्या कडेवर ट्रिगर केले तीच कड पाहिली तर ती स्वच्छ दिसते, थरथर लपते. म्हणून स्मृतीकडे जाणारा क्लॉक पाहताना ट्रिगर मूळ ऑसिलेटरवर घेतला. डिस्प्ले लावताच पडद्यावरची बारीक कड जाड पट्ट्यासारखी झाली.

कारण उघड झाले. स्मृतीचा क्लॉक एका बफरमधून जात होता आणि तो बफर डिस्प्लेच्याच पुरवठ्यावर होता. पुरवठा हलला की बफरचा विलंब हलतो. एफपीजीएचा क्लॉक मात्र थेट ऑसिलेटरवरून येत होता. म्हणजे एकजण घंटेवर, दुसरा मनगटी घड्याळावर! १३३ मेगाहर्ट्झला आवर्तन ७.५ नॅनोसेकंदांचे. त्यांपैकी ५.४ नॅनोसेकंद स्मृती उत्तर द्यायलाच घेते. उरलेल्या २.१ मध्ये रेघेतला प्रवास, बिट स्थिर होणे आणि ही थरथर, सगळे बसवायचे. १०० मेगाहर्ट्झला ४.६ नॅनोसेकंद उरत असल्यामुळे दोष झाकला जात होता.

आम्ही दोन उपाय केले. बफरच्या पुरवठ्याच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर अगदी जवळ जोडले. त्याने चुका पुष्कळ घटल्या. मग एफपीजीएचा क्लॉकही त्याच बफरच्या दुसऱ्या पायावरून घेतला. आता बफर हलला तरी दोघे मिळून हलत होते. चुका थांबल्या.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या डीडीआरच्या मानकातही हेच तत्त्व आहे. वाचताना स्मृती माहितीबरोबर 'स्ट्रोब' नावाचा स्वतःचा स्पंदही पाठवते. वाचणारा तो स्ट्रोब पाव आवर्तन मागे सारतो आणि त्याच्या कडेवर, बिटाच्या बरोबर मध्यावर, माहिती उचलतो. दोन्ही संकेत एकाच क्लॉकमधून निघाल्यामुळे दोघांची समाईक थरथर वजा होते. मात्र याला मर्यादा आहे. दोघांच्या वाटांची लांबी वेगळी असेल, किंवा थरथर एका आवर्तनाच्या आतच बदलत असेल, तर ती पुरती वजा होत नाही. म्हणूनच बोर्डावर स्ट्रोबची आणि माहितीची रेघ सारख्या लांबीची ठेवतात. आणि डीडीआर-२ पासून स्ट्रोब विरुद्ध दिशांनी हलणाऱ्या दोन तारांच्या जोडीने पाठवण्याची सोय झाली, कारण बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजाबाकीत जातो.

सारांश, थरथर मुळात कमी करावी, आणि जी उरेल ती देणाऱ्याला व घेणाऱ्याला सारखीच मिळेल असे पाहावे.

असो. त्या विद्यार्थ्याने अहवालातले 'स्मृती सदोष' हे शब्द खोडले आणि खरे कारण लिहिले. बदललेल्या दोन्ही चिपा मी पुन्हा तपासल्या. त्या निर्दोष निघाल्या. त्यांचे पैसे मी त्याला परत केले. तुमच्या प्रयोगात एखादा बिट चुकला, तर चिप बदलण्यापूर्वी क्लॉकची कड एकदा डोळ्यांनी पाहा. आणि सर सांगतात म्हणून अहवालात काही लिहू नका.