सह्याद्रीत सॅलमँडर नाही

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘आपल्या ओढ्यातला सॅलमँडर’ ठेवायचा विचार असेल, तर शोधाशोध सुरू करण्याआधीच सांगतो: सातारा-सांगलीच काय, अख्ख्या सह्याद्रीत सॅलमँडर नाही. भारतातले सॅलमँडर पूर्व हिमालयात आणि ईशान्येत राहतात. दार्जिलिंगजवळचं जोरपोखरी त्यासाठीच ओळखलं जातं. इथे कुणी बरणीतून जे आणून देतं, ते बहुधा पाय फुटलेलं पण शेपूट अजून न जिरलेलं बेडकाचं पिल्लू असतं, नाहीतर सापसुरळी. नीट निरखा. अंगावर खवले दिसले की तो सरपटणारा प्राणी. सॅलमँडरची कातडी बेडकासारखी ओलसर आणि बिनखवल्यांची असते.

मग प्रदर्शनात दाखवायचं काय? माझं उत्तर आहे देवगांडूळ. तेही उभयचरच, फक्त पाय नसलेलं. अंगावर वळ्या, डोळे जेमतेम ठिपक्याएवढे आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये बारीकसा स्पर्शक. पावसाळ्यात बांधावर दिसलं की साप समजून लोक ते ठेचतात, म्हणून त्याची ओळख करून देणं मला जास्त गरजेचं वाटतं. इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस ही जात 2004 मध्ये साताऱ्यातल्याच कोयनेजवळच्या हुंबरळीहून शास्त्राला नव्याने कळली. इक्थिओफिस या सह्याद्रीतल्याच दुसऱ्या देवगांडुळाची पिल्लं तर सुरुवातीला पाण्यात वाढतात.

जिवंत प्राणी नसला तर मुलं थांबणार नाहीत, ही शंका रास्त आहे. पण कोयना आणि चांदोली ही संरक्षित जंगलं आहेत. तिथून वनखात्याच्या परवानगीविना काहीही उचलणं गुन्हा ठरतो. मातीचं मोठं प्रारूप, जवळून काढलेली छायाचित्रं आणि शेजारी खरं गांडूळ ठेवलं, की फरक मुलं स्वतःच शोधतात. दुकानातला ॲक्सोलॉटल आणावा असंही सुचवलं जातं. तो मेक्सिकोचा. त्याला साधारण 16 ते 18 अंशांचं थंड पाणी लागतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये ते टिकवणं म्हणजे त्या जिवाचे हालच. शिवाय अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनी बंधनकारक आहे. सगळ्यात गंभीर धोका बुरशीचा: काइट्रिडने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या. ॲक्सोलॉटलच्या टाकीतलं पाणी ओढ्यात ओतलं, तर ती इथल्या बेडकांपर्यंतही पोचू शकते.

मुलांना सह्याद्रीच्या पठारावर न्यायचं झालं, तर हीच बुरशी पसरू नये म्हणून बुटांचे तळवे आधी धुऊन वाळवा, आणि उचललेला दगड होता तसाच, होता तिथेच परत ठेवा.