शहराचे सांडपाणी आणि राज्यांचे कायदे

शहराला लागणारे पाणी नदीतून, तलावातून अथवा धरणातून उचलले जाते, गाळून व निर्जंतुक करून नळांवाटे घरोघर पोचविले जाते, आणि काही तासांतच त्याचा बहुतांश भाग मोरीवाटे व शौचकूपावाटे पुन्हा घराबाहेर पडतो. पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना भारतातील अभियंते असा हिशेब धरतात की, पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते. म्हणजे जी नगरपालिका माणशी १०० लिटर पाणी देण्याचे पत्करते, ती त्याच क्षणी माणशी ८० लिटर घाण पाण्याची विल्हेवाट लावण्याचेही पत्करते. पहिल्या कामाचे उद्घाटन समारंभपूर्वक होते. दुसरे काम बहुधा जमिनीखालच्या नळांत आणि गावाबाहेरच्या नाल्यात दडून राहते. नाला नदीला मिळतो, आणि त्या नदीवर काही कोसांवर दुसऱ्या गावाचा पाणवठा असतो.

या दुसऱ्या गावाने दाद कोणाकडे मागावी? प्रश्न साधा दिसला, तरी त्याचे उत्तर मिळण्यास स्वतंत्र भारतात बराच काळ लागला. त्याचे मूळ संविधानाच्या रचनेत आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पाणीपुरवठा, पाटबंधारे, जलनिःसारण हे विषय १७ व्या नोंदीत, तर सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय ६ व्या नोंदीत दिलेले आहेत. अर्थात नळ, गटार आणि नदीचा काठ या तिन्हींवर कायदा करण्याचा अधिकार प्रथमतः राज्यांचा होय. संघसूचीतील ५६ व्या नोंदीने आंतरराज्यीय नद्यांच्या नियमनाबाबत संसदेला काही अधिकार दिला आहे खरा. परंतु गावातील गटार त्या नोंदीच्या कक्षेत सहजासहजी येत नाही.

तेव्हा आरंभ राज्यांनीच केला. ओरिसा राज्याने १९५३ साली नदीप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्राने १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला, आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले मंडळ स्थापिले. तथापि नदी राज्याची सीमा मानीत नाही. एका राज्यात कायदा कडक आणि वरच्या अंगाच्या राज्यात कायदाच नाही, अशा स्थितीत खालच्या राज्याचा कायदा कागदावर राहतो. यास्तव एकाच स्वरूपाचा कायदा अनेक राज्यांत असावा, अशी गरज भासू लागली.

ही अडचण संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदाने सोडविली. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून विनंती केली, तर राज्यसूचीतील विषयावरही संसद कायदा करू शकते. असा कायदा त्या राज्यांपुरता लागू होतो आणि इतर राज्ये मागाहून ठराव करून तो स्वीकारू शकतात. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा याच मार्गाने आला. आसाम, बिहार, गुजरात, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू व काश्मीर, कर्नाटक, केरळ, मध्य प्रदेश, राजस्थान, त्रिपुरा आणि पश्चिम बंगाल या बारा राज्यांचे ठराव त्याच्या मुळाशी होते. स्वतःचा कायदा असलेल्या महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. या मार्गाची एक अट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. असा कायदा एकदा स्वीकारल्यावर राज्याला तो स्वतः बदलता येत नाही. दुरुस्तीही पुन्हा ठरावाच्या आणि संसदेच्या वाटेनेच करावी लागते.

१९७४ च्या कायद्याचा गाभा ‘संमती’ या एका शब्दात आहे. राज्य मंडळाच्या संमतीवाचून कोणीही प्रवाहात, विहिरीत अथवा जमिनीवर सांडपाणी सोडण्यासाठी नवे तोंड उघडू नये, असे २५ वे कलम सांगते. येथे ‘कोणीही’ या शब्दाचा अर्थ कारखानदार एवढाच नाही, कारण कलमात कारखान्याच्या दूषित पाण्याबरोबर घरगुती मैलापाण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. संमती देताना मंडळ अटी घालू शकते. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने निर्णय दिला नाही, तर संमती मिळाली असे मानावे, अशीही त्यात तरतूद आहे. ती अर्जदाराला दिरंगाईपासून वाचविण्यासाठी केलेली असली, तरी मोजक्या मनुष्यबळाच्या मंडळाला ती जड जाणारी आहे, हे उघड आहे.

अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहावयाचे तर पाण्याची परीक्षा केली पाहिजे. परीक्षेतील मुख्य माप म्हणजे ‘जैवरासायनिक प्राणवायूची मागणी’. नाव बोजड आहे. कल्पना सोपी आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जीवाणू खातात आणि ते खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठरावीक दिवसांत दर लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू संपतो, ते मोजले की पाण्यातील घाणीचा अंदाज येतो. या पद्धतीला आणि मैलापाण्यासाठी २० मिलिग्रॅमच्या मर्यादेला ब्रिटनमधील मैलापाणीविषयक रॉयल कमिशनच्या १९१२ च्या अहवालाने प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथे नमुना पाच दिवस ठेवीत. भारताच्या उष्ण हवेत जीवाणूंचे काम लवकर उरकते. म्हणून आपल्याकडे नमुना २७ अंश सेल्सियस तापमानात तीन दिवस ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

आता थोडा हिशेब करून पाहू. आपल्या नद्यांच्या तापमानात एक लिटर स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. शुद्ध न केलेल्या मैलापाण्याची मागणी लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते. म्हणजे अशा एका लिटर मैलापाण्याची भूक भागविण्यास नदीच्या सुमारे ३० लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू खर्ची पडेल. पावसाळ्यात नदी हा भार कदाचित सोसेल. चैत्र-वैशाखात, जेव्हा धरणाखाली नदीत धारच उरत नाही, तेव्हा ती काय करणार? पर्यावरण संरक्षण नियमांनी (१९८६) नदीत सोडावयाच्या पाण्याला ३० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा घातली, ती या कारणाने. तुलनेसाठी सांगावयाचे तर, स्नानास योग्य ठरणाऱ्या नदीत ही मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा, अशी केंद्रीय मंडळाची वर्गवारी आहे.

नमुना घेण्याची रीतही कायद्याने बारकाईने ठरविली आहे. जागेच्या ताबेदाराला सूचना द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, बाटल्या मोहोरबंद कराव्यात, त्यांवर उभयतांच्या सह्या असाव्यात. यातील एक पायरी चुकली तर रसायनशाळेचा निष्कर्ष कितीही अचूक असला, तरी न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. विज्ञान आणि कायदा यांची गाठ येथे एका बाटलीच्या बुचापाशी पडते.

येथवर सारे सुसंगत दिसते. कायदा आहे, माप आहे, पाहणी करणारे मंडळ आहे. अडचण सुरू होते ती पाणी सोडणारी संस्था नगरपालिका असते तेव्हा.

राज्यांनी एकीकडे प्रदूषण मंडळे नेमली, तर दुसरीकडे पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थाही कायद्यानेच उभ्या केल्या. बंगलोरच्या पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळाचा कायदा १९६४ चा, उत्तर प्रदेशाचा १९७५ चा, महाराष्ट्राचा १९७६ चा, मद्रास महानगराचा १९७८ चा. पाणी सोडणारा आणि त्याला जाब विचारणारा, असे दोघेही एकाच राज्य शासनाची अपत्ये ठरतात. इतकेच नव्हे, तर १९७४ च्या कायद्याप्रमाणे राज्य प्रदूषण मंडळावर स्थानिक संस्थांच्या सदस्यांतून पाचपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, आणि राज्य शासनाने दिलेले लेखी निर्देश मंडळावर बंधनकारक असतात. स्थानिक अनुभव मंडळाला मिळावा, हा या योजनेचा हेतू चांगलाच होता. परंतु ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची, त्याचीच माणसे देखरेख करणाऱ्यांच्या पंक्तीस बसली, हेही नाकारता येत नाही.

शिक्षेचे तर त्याहून अवघड आहे. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला अधिकार दिला की, त्याने दोषी उद्योग बंद करावा अथवा त्याची वीज वा पाणी तोडावे. कारखान्याच्या बाबतीत हे हत्यार धारदार आहे. नगरपालिकेच्या बाबतीत ते उगारताच येत नाही. शहराची वीज तोडली तर उरलेसुरले शुद्धीकरण केंद्रही बंद पडेल. पाणी तोडले तर शिक्षा नागरिकांना होईल. आणि गटाराचे तोंड बुजविले तर मैला रस्त्यावर येईल. दंड केला तर तो अखेर करदात्याच्याच खिशातून जावयाचा.

म्हणून नगरपालिकांविरुद्धची महत्त्वाची पावले न्यायालयांतून पडली. मध्य प्रदेशातील रतलामच्या एका वस्तीतील रहिवाशांनी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध तक्रार केली. नगरपरिषदेने पैसा नसल्याची सबब सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, ती अमान्य केली; सार्वजनिक आरोग्य राखण्याचे वैधानिक कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून संपत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे गंगेच्या प्रदूषणाविषयी वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली केलेल्या याचिकेवर १९८७ मध्ये कानपूरच्या चर्मोद्योगांबाबत आणि जानेवारी १९८८ मध्ये खुद्द कानपूर नगर महापालिकेबाबत निकाल लागला. गोठ्यांतील घाण, गळकी गटारे, नदीत टाकली जाणारी प्रेते, या सर्वांची त्यात दखल घेतलेली आहे. शाळांत आठवड्यातून निदान एक तास पर्यावरणाचे शिक्षण द्यावे, हा निर्देशही याच निकालातला होय.

तरीही पुरवठा आणि निचरा यांतील अंतर मिटले नाही. बंगळुरूचे उदाहरण बोलके आहे. सुमारे १०० किलोमीटरवरून, चढ चढवून, कावेरीचे पाणी या शहरात आणले गेले. पाणी वाढले तसे सांडपाणी वाढले. परंतु त्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था मागे राहिली, आणि ते उताराने बेळंदूर तलावात साचत गेले. २०१५ च्या सुमारास कपडे धुण्याच्या भुकट्यांतील द्रव्यांमुळे तलावावर फेसाचे डोंगर उठून रस्त्यावर वाहू लागले. २०१७ साली तलावाच्या पृष्ठभागावर आगही लागली. जो तलाव एके काळी पाण्यासाठी राखलेला होता, तो शहराच्या न मोजलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब दाखवीत होता.

पैशाची सोय करण्याचा एक प्रयत्न १९७७ च्या जल उपकर कायद्याने झाला होता. काही उद्योग आणि स्थानिक संस्था जितके पाणी वापरतील, त्यावर किलोलिटरमागे पैशांच्या हिशेबात उपकर घ्यावा, शुद्धीकरण केंद्र उभारणाऱ्यास सूट द्यावी आणि ती रक्कम मंडळांच्या कामी यावी, अशी ती योजना. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, म्हणजे १ जुलै २०१७ पासून, हा उपकर रद्द झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नागरी शुद्धीकरण केंद्रे तीन वर्षांत उभारावीत आणि त्यांचा खर्च भागविण्यासाठी वापरकर्त्यांकडून आकार घ्यावा, असा आदेश दिला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेले आकडे असे: देशातील नागरी भागांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते, उभारलेली शुद्धीकरणक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्ध केले जाणारे पाणी २०,२३५ दशलक्ष लिटर. यांतील पहिल्या व दुसऱ्या आकड्यांतील तफावत पैशाअभावी म्हणता येईल. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील तफावतीला ते कारण पुरत नाही. तेथे केंद्रे उभी आहेत, पण घरोघरचे नळ त्यांना जोडलेले नाहीत किंवा यंत्रे पूर्ण वेळ चालत नाहीत.

१९७४ च्या कायद्यात २०२४ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि तीही पुन्हा २५२ व्या अनुच्छेदाच्याच वाटेने. या वेळी ठराव होते ते हिमाचल प्रदेश व राजस्थान यांचे. म्हणून दुरुस्ती प्रथम त्या दोन राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. प्रदूषक द्रव्य प्रवाहात सोडण्याबद्दल पूर्वी दीड ते सहा वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. तिच्या जागी १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. संमतीवाचून उद्योग सुरू करण्याबद्दलचा कारावास मात्र कायम राहिला. सरकारी खात्याकडून कायद्याचा भंग झाल्यास खातेप्रमुखाने आपल्या एका महिन्याच्या मूळ वेतनाइतका दंड भरावा, अशीही तरतूद त्यात आहे. तुरुंगाची भीती नगरपालिकांना फारशी कधी वाटली नव्हती. ठरावीक रकमेचा दंड निदान प्रत्यक्षात वसूल होईल, असे दुरुस्तीचे समर्थक म्हणतात. मोठ्या शहराच्या अंदाजपत्रकात १५ लाख रुपये ही किरकोळ बाब आहे, असे टीकाकार दाखवून देतात. उरलेल्या राज्यांपैकी ज्यांना ही दुरुस्ती हवी असेल, त्यांच्या विधानमंडळांनी तसा ठराव करावयाचा आहे. ज्या राज्यात ठराव होत नाही, तेथे १९७४ चे जुने कलमच चालू राहते.