ऐकले म्हणजे समजले का?
बहुभाषिक रुग्णालयातील संवादाविषयी

खाटा, शस्त्रक्रिया, देणग्या आणि खर्च यांचा हिशेब आम्ही दरवर्षी अहवालात सादर करतो. दैनंदिन कामात दिल्या-घेतल्या जाणाऱ्या तोंडी सूचनांचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत नसतो. वास्तविक रुग्णाची सुरक्षितता औषधांइतकीच या सूचनांवरही अवलंबून असते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास येथे मांडत आहोत.

महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयांत एकाच पाळीत अनेक मातृभाषा नांदतात. परिचारिका केरळची, तंत्रज्ञ कर्नाटकातील, निवासी डॉक्टर उत्तर भारतातील, तर आया आणि वॉर्डबॉय आसपासच्या खेड्यांतील असतात. प्रत्येकजण आपल्या घरची भाषा, सवयी आणि मानापमानाच्या कल्पना घेऊन कामावर येतो. हे वैविध्य आमचे बळ आहे. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी ना कोणी सापडते. परंतु त्यातूनच गैरसमजालाही वाट मिळते.

सारखे शब्द, वेगळे अर्थ

मराठी व हिंदीची लिपी एक आणि अनेक शब्दही सारखे. धोका नेमका तेथेच आहे. हिंदीभाषक सहकारी सलाईनची बाटली 'खाली' आहे असे म्हणतो, तेव्हा ती रिकामी झालेली असते. मराठी कानाला ती खाली ठेवल्यासारखी वाटते. हिंदीतील 'कल' हा शब्द आदल्या व दुसऱ्या अशा दोन्ही दिवसांना लागू पडतो. मराठी माणसास त्यात 'काल' ऐकू येतो. 'कल का एक्स-रे' एवढ्या तुटक निरोपावरून एक्स-रे काढून झाला की काढावयाचा आहे, हे ठरविता येत नाही.

केवळ मराठीत बोलल्यानेही प्रश्न सुटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास 'उपवास' सांगितला, तर साबुदाण्याची खिचडी व चहा चालतो, असा अर्थ एखाद्या घरात सहज घेतला जाईल. भूल दिल्यावर पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. म्हणून काय खावयाचे-प्यावयाचे नाही आणि किती वाजल्यापासून, हे स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे.

मान, मौन आणि होकार

मराठीतील 'तुम्ही' आदरार्थी आहे. त्याच सवयीने आपण हिंदीत 'तुम' म्हणतो आणि 'आप' ऐकण्याची सवय असलेला सहकारी मनातून दुखावतो. दक्षिणेकडील अनेकजण मान दोन्ही बाजूंना डोलावून होकार देतात. आपल्याकडे तो नकार वाटू शकतो.

याहून गंभीर बाब मौनाची. वडीलधाऱ्यांस प्रतिप्रश्न करू नये, हा संस्कार आपल्या बहुतेक घरांत आहे. त्यामुळे कनिष्ठ परिचारिकेच्या 'हो सर' याचा अर्थ 'ऐकले' एवढाच असू शकतो. पुन्हा विचारणे उद्धटपणाचे वाटते आणि काम अंदाजाने होते.

इतरत्र मिळालेला धडा

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर 27 मार्च 1977 रोजी दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन 583 जण मृत्युमुखी पडले. धावपट्टीवर धुके होते. डच वैमानिकांनी इंग्रजीत दिलेल्या संदेशाचा अर्थ नियंत्रकाने विमान उड्डाणास सज्ज आहे असा घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. त्याच विमानातील अभियंत्याने धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका काढली होती. कप्तानाने ती ठामपणे बाजूस सारली. भाषा आणि अधिकार हे दोन्ही अडसर तेथे एकत्र आले. त्यानंतर विमानवाहतुकीत ठरावीक शब्दप्रयोगांची व सूचना परत म्हणून दाखविण्याची शिस्त अधिक काटेकोर करण्यात आली.

वैद्यकक्षेत्रानेही हा मार्ग स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची दिली, तीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, अशी तरतूद आहे. नवी दिल्लीसह 8 शहरांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ही संपूर्ण सूची वापरल्यानंतर मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलेले आढळले.

आचरणात आणावयाचे नियम

1. तोंडी सूचना घेणाऱ्याने ती लिहून घ्यावी व वाचून दाखवावी. देणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्यावरच ती पूर्ण झाली असे समजावे.

2. मात्रेचे आकडे सुटे सांगावेत. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखे ऐकू येतात. 'एक-पाच' आणि 'पाच-शून्य' यांत घोटाळा होत नाही. 'काल', 'उद्या' याऐवजी तारीख सांगावी.

3. 'समजले का?' याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. त्याऐवजी 'आता काय करणार ते सांगा' असे विचारावे.

4. शंका विचारणाऱ्याचे वरिष्ठांनी सर्वांसमक्ष आभार मानावेत. मौनाची सवय वरूनच सुटू शकते.

जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याखेरीज आम्ही वही मिटत नाही. सांगणाऱ्याचा व ऐकणाऱ्याचा अर्थ जुळल्याखेरीज सूचनाही पूर्ण झाली असे मानता कामा नये. रुग्ण व नातेवाइकांनाही आमची नम्र विनंती आहे की, घरी जाताना औषधांच्या वेळा परिचारिकेस एकदा म्हणून दाखवाव्यात आणि न समजल्यास निःसंकोच पुन्हा विचारावे. त्यात कोणाचाही अवमान नाही.